शीतगृहांच्या नळ्या आणि सांध्याची आतली बाजू

नाशिकची द्राक्षे किंवा रत्नागिरीची कोळंबी मोठ्या प्रमाणावर थंड अथवा गोठवून ठेवणाऱ्या यंत्रणांमध्ये अमोनिया हे शीतक, म्हणजे उष्णता शोषून ती बाहेर नेणारे द्रव्य, आजही सर्रास वापरले जाते. वातावरणाच्या दाबाला उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळणारे हे द्रव्य ओलाव्याच्या संगतीत तांब्याला व पितळेला खाते, त्यामुळे येथे नळ्या पोलादाच्याच घ्याव्या लागतात. साधे पोलाद स्वस्त पडते. मात्र उष्णतारोधक आवरणाखाली दमटपणा शिरला की ते गंजू लागते आणि फार कमी तापमानाला ठिसूळ होते. म्हणूनच अनेक ठिकाणी सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले ‘३०४ एल’ जातीचे स्टेनलेस स्टील निवडले जाते.

या पोलादाला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अवघा काही नॅनोमीटर जाडीचा थर, आणि वेल्डिंगची उष्णता नेमका त्यावरच घाला घालते. पोलाद ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान रेंगाळले, तर त्यातील कार्बन क्रोमियमशी संयोग पावून स्फटिककणांच्या सीमांवर कार्बाइड तयार करतो व लगतचा भाग क्रोमियमला पारखा होतो. ‘एल’ जातीत कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा अधिक नसल्याने हा धोका बराच घटतो. शिवाय साध्या पोलादाच्या तुलनेत या धातूची उष्णतावाहकता सुमारे एक तृतीयांश आणि प्रसरण जवळपास दीडपट असल्याने नळी वाकडी होऊ नये यासाठी आधी ठिकठिकाणी टाके मारून, कमी करंटवर काम करावे लागते.

वर्कशॉपमध्ये ‘आरगॉन वेल्डिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टिग पद्धतीत न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकापासून विद्युतज्योत निघते आणि आरगॉन वायू वितळलेल्या धातूला हवेपासून दूर ठेवतो. पण हे संरक्षण बाहेरच्या बाजूचे असते. नळीच्या आत हवा राहिली, तर पहिल्या थराच्या, म्हणजे रूट पासच्या, मागे काळी, खरबरीत, दाणेदार खपली धरते. तिचे तुकडे शीतकाबरोबर वाहत जाऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेत अडकतात आणि खपलीखालचा धातू गंजाला उघडा पडतो.

हे टाळण्यासाठी नळीची दोन्ही तोंडे बंद करून, सांध्याची फट टेपने झाकून, आतही आरगॉन भरला जातो. तो हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असल्याने खालून सोडून हवा वरच्या छिद्रातून बाहेर काढतात व ऑक्सिजन पुरेसा घटल्याची मीटरवर खात्री करूनच ज्योत पेटवतात. प्रवाह मंद ठेवावा लागतो, कारण आतला दाब वाढला की सांधा पुरा होण्याच्या शेवटच्या क्षणी वितळलेला धातू बाहेर ढकलला जातो. आतून रुपेरी किंवा फिकट पिवळसर दिसणारा सांधा चांगला, तर गडद निळा किंवा काळा सांधा सदोष समजला जातो.

नायट्रोजनच्या दाबाने गळती सापडते आणि क्ष-किरणांत पोकळी व भेगा दिसतात. क्रोमियम गमावलेला पृष्ठभाग मात्र या दोन्ही चाचण्यांतून सहीसलामत सुटतो आणि यंत्रणा सुरू झाल्यावर गंजू लागतो. त्यामुळे आतल्या आरगॉनची नोंद ठेवणे आणि नमुन्याचा एक सांधा कापून पाहणे या अटी कंत्राटातच असायला हव्यात. हा खर्च अमोनियाच्या एका गळतीपुढे नगण्य आहे.