स्थितिकरणाची वाट : व्यसनमुक्तीचा उपचार कोठे आणि कसा शोधावा

पाठशाळेत जाणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलालाही सात व्यसनांची नावे पाठ असतात. जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीसेवन. अष्टमूलगुणांतही पहिला त्याग मद्याचाच सांगितला आहे. ज्या समाजाला हा संस्कार बाळकडूबरोबर मिळतो, त्या समाजात दारूचे व्यसन नसणारच, असे सहज गृहीत धरले जाते. पण हे गृहीतच, ज्या घरात व्यसन शिरले आहे त्या घराचे तोंड बंद करते.

अशा घराचे चित्र बहुधा सारखेच असते. कर्ता मुलगा दुकान बंद करून उशिरा घरी येतो. सकाळी उठवत नाही, हाताला कंप असतो. ‘पित्ताचा त्रास आहे,’ असे आई शेजारणीला सांगते. गल्ल्यातील रक्कम जुळत नाही, हे वडिलांना कळते. पण ते वहीत एक आकडा फिरवतात आणि गप्प राहतात. सून माहेरी काही बोलत नाही. दशलक्षण पर्वात तो मंदिरात दिसला नाही, तर ‘खरेदीला बाहेरगावी गेला आहे’ असे उत्तर तयार असते. अशी पाच-दहा वर्षे निघून जातात. घराण्याचे नाव राखले जाते आणि माणूस हातचा जातो.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितिकरण ही दोन अंगे लागोपाठ येतात. उपगूहन म्हणजे साधर्मीच्या दोषाचा डांगोरा न पिटणे. स्थितिकरण म्हणजे मार्गावरून ढळणाऱ्याला पुन्हा मार्गावर स्थिर करणे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात स्थितिकरणासाठी वारिषेणाचे नाव येते. दीक्षा घेतलेल्या पुष्पडालाचे मन घराकडे ओढ घेत होते. वारिषेण मुनींनी ते ओळखले. त्यांनी त्याला चारचौघांत लाजविले नाही, पण त्याच्या ढळण्याकडे डोळेझाकही केली नाही. ते त्याला सोबत घेऊन स्वतःच्या राजवाड्यात गेले आणि आपण सोडून आलेले वैभव दाखवून त्याचे मन ताळ्यावर आणले. आपल्या घरांतून पहिले अंग मात्र पाळले जाते, दुसरे राहून जाते. दोष झाकला जातो, पण माणूस सावरला जात नाही.

हा आजार आहे

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना त्यापासून अपाय होतो किंवा त्यांना त्याचे व्यसन जडले आहे. त्या अहवालातील आणखी एक आकडा अधिक बोलका आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळते. रुग्णालयात राहून उपचार तर १८० जणांपैकी एकालाच मिळतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. याचा अर्थ व्यसनी माणसाची जबाबदारी संपते असा नाही. पण मधुमेह झालेल्याला केवळ उपदेशाने बरे करण्याचा प्रयत्न कोणी करत नाही, तसा तो येथेही करू नये, एवढे त्यातून निश्चित होते.

नियम घेण्यापूर्वी डॉक्टर

या ठिकाणी एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. चातुर्मासात किंवा पर्वकाळात घरचे लोक व्यसनी मुलाला महाराजांसमोर उभे करतात. तो डोळ्यांत पाणी आणून आजन्म त्यागाचा नियम घेतो. त्या क्षणी त्याचा भाव खरा असतो. पण जो माणूस अनेक वर्षे रोज भरपूर पीत आला आहे, त्याच्या मेंदूला आणि मज्जासंस्थेला मद्याची सवय झालेली असते. ते एकाएकी बंद झाले की काही तासांत थरथर, घाम, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. साधारण दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात, ताप चढतो. वेळेवर उपचार न झाल्यास ही अवस्था प्राणघातक ठरू शकते.

त्यातच त्याने पर्वाचे उपवास आरंभले, तर धोका वाढतो. मद्यपीच्या शरीरात ‘ब १’ जीवनसत्त्वाची कमतरता आधीच असते. पाणी आणि अन्न तुटले की रक्तातील साखर उतरू शकते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यानेही त्या एकदम थांबवू नयेत. त्यांनीही आकडी येते. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात बंद केल्यावरचा त्रास असह्य असला तरी सहसा जीवघेणा नसतो. मात्र काही दिवस थांबून पुन्हा पूर्वीच्याच मात्रेने घेतल्यास मृत्यू ओढवू शकतो.

म्हणून क्रम असा असावा : आधी डॉक्टर, वैद्यकीय देखरेखीखाली विषमुक्ती, आणि शरीर स्थिरावल्यावर नियम. नियमाचे मोल त्याने कमी होत नाही. उलट, तो पेलण्याजोगे शरीर तयार होते.

शोध कोठून सुरू करावा

पहिला दरवाजा जवळचाच आहे. जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तेथे अल्प शुल्कात तपासणी होते आणि पुढील दिशा कळते. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ज्यांना गावातील रुग्णालयात जाण्याचा संकोच वाटतो, त्यांनी शेजारच्या जिल्ह्यात जावे. पण जाणे टाळू नये.

दुसरा मार्ग दूरध्वनीचा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे. जवळचे शासन-अनुदानित केंद्र कोणते, याची चौकशी तेथे करता येते. मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. दोन्ही ठिकाणी व्यसनी व्यक्तीनेच बोलावे असे बंधन नाही. पत्नी, आई, भाऊ कोणीही सल्ला मागू शकतो.

तिसरा मार्ग स्वयंसेवी संस्थांचा. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्या कार्याला आर्थिक बळ दिले. औषधांबरोबर समुपदेशन, गटचर्चा, योग, श्रम आणि कुटुंबीयांसाठी मार्गदर्शन अशी तेथील रीत आहे. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आणि व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग तेथे आहे. स्त्रियांचे व्यसन आपल्या घरांत अधिकच लपविले जाते, म्हणून हा उल्लेख मुद्दाम. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेले कृपा फाउंडेशन याच क्षेत्रात कार्यरत आहे.

चौथा मार्ग ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे दोन मद्यपींच्या भेटीतून ही चळवळ जन्मली. तिच्या सभांना शुल्क नसते, आडनाव विचारले जात नाही, आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणी त्या मराठीत भरतात. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ हा वेगळा गट आहे. ‘एए’च्या बारा पायऱ्यांपैकी दहावी पायरी रोज स्वतःचा झाडा घेण्याची आणि चूक दिसताच ती मान्य करण्याची आहे. प्रतिक्रमणाची सवय असलेल्या घराला ती परकी वाटू नये. ‘फक्त आजचा दिवस’ हे तेथील सूत्रही, ठरावीक मुदतीचे प्रत्याख्यान घेणाऱ्या श्रावकाला सहज उमगेल.

केंद्र निवडताना

रस्तोरस्ती ‘खात्रीशीर दारू सोडवा’ असे फलक दिसतात. त्यांतून योग्य केंद्र ओळखण्यासाठी काही प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

केंद्राची मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली नोंदणी आहे काय? प्रमाणपत्र पाहावे. मानसोपचारतज्ज्ञ कोण, ते आठवड्यातून किती वेळा येतात, आणि रात्री आकडी आली तर तेथे कोण असते? जवळचे रुग्णालय कोणते? उपचार किती दिवसांचा, एकूण खर्च किती, तो लेखी मिळेल काय? विमा असल्यास व्यसनाचा उपचार त्यात बसतो की वगळला आहे, हे दाखल होण्यापूर्वी विचारावे. नातेवाइकांना भेटू देतात काय? घरच्यांसाठी समुपदेशन आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, घरी गेल्यानंतर पाठपुरावा कसा होतो?

मारहाण, बांधून ठेवणे, उपाशी ठेवणे यांना उपचार म्हणत नाहीत. माणसाला साखळदंडाने बांधण्यास कायद्याने सक्त मनाई आहे. गाडीतून चार दांडगट पाठवून मुलाला उचलून नेण्याची तयारी दाखविणाऱ्या केंद्रापासून दूर राहावे. प्रौढ व्यक्ती स्वतःच्या संमतीने दाखल होते, हा सामान्य नियम आहे. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या आणि स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीसाठी वेगळी तरतूद आहे. पण त्यातही मानसोपचारतज्ज्ञासह दोघांची स्वतंत्र तपासणी आणि मुदतीची मर्यादा आहे.

‘रुग्णाला न सांगता जेवणातून देण्याचे औषध’ हा प्रकार तर पूर्णपणे टाळावा. अशा पुड्यांत काय असते, हे कळत नाही. दारूबरोबर तीव्र प्रतिक्रिया घडविणारे औषध नकळत पोटात गेले आणि वरून तो प्यायला, तर जीव जाऊ शकतो. ते औषध डॉक्टर देतात, परंतु रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि त्याच्या संमतीने.

अमली पदार्थांच्या बाबतीत पालकांना पोलिसांचे भय असते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी शासकीय वा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार पूर्ण केले पाहिजेत.

आपल्या समाजातील काही अडचणी वेगळ्या असतात. कांदा-लसूणविरहित भोजन, सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल काय, हे केंद्राला आधीच विचारावे. पुष्कळदा सोय होते. कॅप्सूलच्या आवरणातील जिलेटीनबद्दल शंका असल्यास डॉक्टरांना सांगावे, पर्यायी गोळी अनेकदा असते. रात्री पाणीही न घेणाऱ्याने औषधाच्या वेळा तशा जुळवून घ्याव्यात. मात्र यांपैकी कोणतीही गोष्ट उपचार लांबणीवर टाकण्याचे निमित्त होऊ नये. प्राण राहिला तर आचार राहील.

घराने आणि समाजाने

‘लग्न करून द्या, सुधारेल,’ हा सल्ला अजूनही दिला जातो. त्याने एका माणसाचे दुःख दोघांचे होते आणि पुढे मुलांचेही. व्यसन लपवून केलेला विवाह हा एका निरपराध मुलीशी केलेला असत्य व्यवहार आहे. सत्याणुव्रताच्या चौकटीत तो बसत नाही. घरात मारहाण होत असेल, तर उपचाराची वाट पाहत सुनेने सोसत राहावे, अशी अपेक्षाही कोणी धरू नये. तिचे आणि मुलांचे रक्षण आधी.

उधारी फेडणे, खोटी कारणे सांगणे, गल्ल्याचा हिशेब झाकणे यांतून प्रेम दिसते, पण व्यसनाला मुदतवाढ मिळते. त्याऐवजी तो शुद्धीवर असताना, सकाळच्या वेळी, एकाच विश्वासाच्या माणसाने शांतपणे बोलावे. ‘तू वाईट आहेस’ असे न म्हणता ‘आपण उद्या डॉक्टरांकडे जाऊ, मी सोबत येतो’ असे म्हणावे. नकार मिळाला तरी घरच्यांनी स्वतः समुपदेशकाकडे जाणे सुरू करावे.

केंद्रातून परतलेला माणूस पुन्हा घसरू शकतो. ही घसरण दीर्घ आजारात होणाऱ्या उलट्या वळणासारखी आहे. तिने सगळे व्यर्थ गेले असे होत नाही. पहिल्या वर्षी पाठपुराव्याच्या भेटी, सभा, नियमित झोप, आणि हातात फार रोख रक्कम न देणे हे सांभाळावे.

मंदिराचे विश्वस्त आणि महिला मंडळेही बरेच करू शकतात. रिकाम्या सभागृहाची एक खोली आठवड्यातून एक तास अशा सभेला द्यावी. शिक्षणासाठी आणि आजारपणासाठी मदत देणाऱ्या निधीतून व्यसनमुक्तीच्या उपचारालाही, नाव जाहीर न करता, मदत द्यावी. पर्वातील एका संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञांचे व्याख्यान ठेवावे. मंदिराच्या फलकावर देणगीदारांच्या नावांखाली १४४४६ हा क्रमांक लिहिला, तरी एखादी आई तो मनात पाठ करून घरी जाईल.

वारिषेण पुष्पडालाला घेऊन चालत गेले, म्हणून पुष्पडाल परतला. व्यसनी मुलाबरोबर रुग्णालयाच्या बाकावर बसून त्याचा क्रमांक येण्याची वाट पाहणारा भाऊही तेच करत असतो. पाठशाळेत सात व्यसनांची नावे शिकविताना, व्यसनात अडकलेल्याला हात कसा द्यावा हेही शिकविले, तर तो पाठ पूर्ण होईल.