लोखंडी माणसांच्या गर्दीत

परमुलखात गेलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यात हिंग-हळदीचे दुकान शोधतो, दुसऱ्या महिन्यात गणपती कोण बसवतो याची चौकशी करतो आणि तिसऱ्या महिन्यात महाराष्ट्र मंडळाचा सभासद होतो. माझा इंजिनियर भाचा बर्लिनला जाऊन सभासद झाला तो एका फुटबॉल क्लबाचा! याचे नवल ज्यांनी कोल्हापूर पाहिलेले नाही त्यांनाच वाटेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर उभे राहिले की पेठांतून दुसरा विषय नसतो. त्या हवेत वाढलेले पोर चेंडू कसा विसरणार?

मी बर्लिनला निघालो तेव्हा बहिणीने बजावले होते, "त्याला एकदा सरळ विचार, परत येणार आहेस की नाही?" प्रश्नाला कारण होते. जर्मनीने 2024 च्या जूनपासून 5 वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करण्याची मुभा दिली आणि मूळचे नागरिकत्व सोडण्याची अटही काढून टाकली. पण आपला कायदा दोन नागरिकत्वे मानीत नाही. तिकडचे घेतले की इकडचे गेले. भाच्याच्या टेबलावर भरलेला अर्ज पडून होता. सही तेवढी नव्हती.

हा प्रश्न मनात ठेवूनच मी त्याच्याबरोबर शनिवारच्या सामन्याला निघालो. क्योपेनिक स्टेशनावर उतरून झाडीतून चालत जायचे. मैदानाचे नावच मुळी 'जुन्या वनपालाच्या घरापाशी' अशा अर्थाचे! सुमारे 22 हजार माणसे मावतात. त्यांतली 18 हजारांवर उभी राहतात. संघ युनियन बर्लिन, स्थापना 1966, पूर्व बर्लिनची. जुन्या कारखानदारी वस्तीतला हा क्लब, म्हणून त्याची आरोळी 'आयझर्न उनिओन', लोखंडी युनियन. त्या राजवटीत गुप्त पोलिसांचा वरदहस्त लाभलेल्या डिनामो संघाने 1979 पासून ओळीने 10 अजिंक्यपदे मिळवली. युनियनच्या वाट्याला बहुधा पराभवच आले, आणि माणसे मात्र टिकली.

ती किती टिकली, पाहा. 2004 मध्ये क्लब कर्जात बुडू लागला तेव्हा चाहत्यांनी रक्त दिले आणि त्याचे मिळालेले पैसे क्लबाला दिले. पुढे मैदान मोडकळीस आले. 2008-09 मध्ये दोन हजारांहून अधिक माणसांनी सुमारे 1 लाख 40 हजार तास फुकट राबून ते उभे केले. आपल्याकडे पंखा दिला तर पात्यांवर नाव रंगवतात!

आणि 2019. क्लब प्रथमच जर्मनीच्या सर्वोच्च साखळीत चढला. 18 ऑगस्टच्या पहिल्या सामन्याला लोक आपापल्या मेलेल्या माणसांचे मोठे फोटो घेऊन आले. हा दिवस पाहायला जे उरले नाहीत, त्यांचे. भाचा तेव्हा नवखा. शेजारच्या म्हातारीपाशी दोन फोटो होते, नवऱ्याचा आणि भावाचा. दोन्ही तिला उंच धरवेनात. भावाचा तिने याच्या हाती दिला. "मामा, नाव वाचता आलं नाही मला, पण हात खाली घेतला नाही," तो म्हणाला. त्या दिवशी युनियन 0-4 ने हरली.

मी पाहिलेल्या सामन्यातही हरलीच, एका गोलाने. पण त्याआधीचा थाट पाहावा! संघ जाहीर होताना निवेदक एकेका खेळाडूचे नाव घेतो आणि सारे मैदान 'फुटबॉलचा देव' म्हणून ओरडते. उशिरा मैदानात आलेला बदली खेळाडूही देवच. आपल्या खेळाडूची हुर्यो करायची नाही, हा तिथला अलिखित दंडक. एकाने तर रिकामा गोल समोर असताना चेंडू झाडीत धाडला. माझ्या तोंडी अस्सल मराठी शब्द आला होता. भाच्याने दंड दाबला.

"चल, गाडीला गर्दी होईल," मी पाच मिनिटे आधी म्हटले.

"शेवटची शिट्टी होईपर्यंत इथं कुणी हलत नाही, मामा."

खरेच कोणी हलले नाही. शिट्टीनंतरही हरलेल्या पोरांसाठी टाळ्या चालूच होत्या. ती म्हातारी अजून त्याच कठड्यापाशी उभी राहते. तिने मला कागदी पेल्यातली बिअर देऊ केली. मी नम्रपणे कॉफीवर भागवले.

परतताना झाडीत मी बहिणीचा प्रश्न विचारला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आईला सांगा, सही केलेली नाही. पण पंधरा दिवसांनी पुन्हा इथंच सामना आहे, त्याचं तिकीट काढलंय."

मी रात्री फोनवर तसेच सांगितले. तिकीट केवढ्याला पडते, एवढेच तिने विचारले.