धर्माच्या नावाने मतयाचना : कायद्याची मर्यादा कोठे?

लोकशाहीत मतदार आपल्या श्रद्धेसह मतदान केंद्रावर जातो. त्याने कोणत्या कारणासाठी मत द्यावे, हे भारतीय कायदा ठरवीत नाही. उमेदवाराने मात्र धर्माच्या आधारे मत मागू नये, असे बंधन लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधील कलम 123(3) ने घातले आहे. धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत देण्याचे अथवा न देण्याचे आवाहन हे भ्रष्ट आचरण मानले जाते. उमेदवाराच्या संमतीने अन्य व्यक्तीने असे आवाहन केले, तरीही निवडणूक रद्द होऊ शकते.

या तरतुदीची कसोटी मुंबईत लागली. डिसेंबर 1987 मध्ये विलेपार्ले विधानसभा पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू विजयी झाले होते. प्रचारसभांतील भाषणांच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने 1989 मध्ये त्यांची निवड रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1995 रोजी तो निर्णय कायम ठेवला. ही भाषणे करणारे शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकारही पुढे सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला.

त्याच दिवशी मनोहर जोशी यांच्या प्रकरणात मात्र न्यायालयाने वेगळा निष्कर्ष काढला. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, हे विधान आशा व्यक्त करणारे असून ते धर्माच्या आधारे केलेले मतांचे आवाहन नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. भाषणात धर्माचा केवळ उल्लेख येणे आणि धर्मावर मत मागणे यांत कायदा फरक करतो, हे यातून स्पष्ट झाले.

मूळ प्रश्न तरीही शिल्लक होता. 1961 च्या दुरुस्तीनंतर कलमात 'त्याच्या धर्माच्या' आधारे असे शब्द आले. हा धर्म केवळ उमेदवाराचा, की मतदाराचाही? सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने 2 जानेवारी 2017 रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने मतदाराचा धर्मही या बंदीत समाविष्ट असल्याचा निर्वाळा दिला. अल्पमतातील न्यायाधीशांनी वेगळी चिंता नोंदविली. धर्म, जात किंवा भाषा यांमुळे अन्याय सोसलेल्या समाजांची गाऱ्हाणी निवडणुकीत मांडली जाणे हा लोकशाहीचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 'हिंदुत्व' या शब्दाच्या 1995 मधील अर्थाचा पुनर्विचार या पीठाने केला नाही.

अंमलबजावणीतील विलंब ही या कायद्याची मोठी मर्यादा आहे. निवडणूक याचिका निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते व ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात, 2017 चा निर्णय ज्या प्रकरणात आला, ते 1990 च्या सांताक्रूझ मतदारसंघातील निवडणुकीचे होते. विधानसभेची मुदत असते पाच वर्षांची. कायद्याचा अर्थ निश्चित होण्यास सुमारे 27 वर्षे लागली.