शरद ऋतूतील अमेरिकी गृहपाककला आणि तिचे जागतिक घटक : ‘पम्पकिन पाय’च्या संदर्भात

प्रस्तावना

एखादा पदार्थ ‘पारंपरिक’ म्हटला की तो त्याच भूमीत आणि त्याच समाजाच्या हातून निर्माण झाला, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात घरगुती स्वयंपाक हा अनेक प्रदेशांतील पिके, व्यापार आणि श्रम यांच्या संयोगातून घडत असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबर महिन्यातील ‘थँक्सगिव्हिंग’ या सणाला घरोघरी होणारा ‘पम्पकिन पाय’ हे याचे ठळक उदाहरण होय. मैद्याच्या पारीत लाल भोपळ्याचा शिजवलेला गर, दूध, अंडी, साखर व मसाले यांचे मिश्रण भरून हा पदार्थ ओव्हनमध्ये भाजतात. त्याचे घटक कोठून आले, त्यांमागे कोणाचे श्रम होते आणि त्याच्या कृतीमागे कोणते पाकशास्त्र आहे, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. भोपळा : मूळ रहिवाशांचे पीक

‘कुकुर्बिटा’ प्रजातीतील भोपळे मूळचे अमेरिका खंडातील आहेत. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातील गिला नाकित्झ या गुहेत लागवडीखालील भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया मिळाल्या आहेत. उत्तर अमेरिकेतील अनेक आदिवासी समाज मका, घेवडा व भोपळा ही तीन पिके एकाच शेतात घेत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढे. भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल टिकवीत व तणास आळा घालीत. शरद ऋतूत काढलेला भोपळा जाड सालीमुळे काही महिने टिके, तसेच त्याच्या चकत्या वाळवूनही ठेवता येत. न्यू इंग्लंडमध्ये आलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांना हिवाळ्याची बेगमी म्हणून या पिकाचा मोठा आधार झाला.

२. पारी आणि पहिली लिखित कृती

पारीत सारण भरून भाजण्याची पद्धत मात्र युरोपातील आहे. प्लिमथ येथील १६२१ च्या सुगीच्या मेजवानीत पम्पकिन पाय होता, हा लोकप्रिय समज टिकणारा नाही. कारण त्या वसाहतीजवळ त्या वेळी गव्हाचे पीठ, लोणी व भट्टी या साधनांची वानवा होती.

अमेरिकेत लिहिला व छापला गेलेला पहिला पाकग्रंथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ (१७९६) या पुस्तकात भोपळ्याच्या पारीयुक्त ‘पुडिंग’च्या दोन कृती आहेत. पहिलीत साय, नऊ अंडी, साखर, जायपत्री, जायफळ व सुंठ आहे. दुसरीत दूध, चार अंडी, काकवी, ऑलस्पाइस व सुंठ आहे. एक कृती सधन घरासाठी आणि दुसरी काटकसरीच्या घरासाठी, असा भेद येथे सहज जाणवतो. पुढे लिडिया मारिया चाइल्ड यांनी १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या काटकसरी गृहिणीसाठीच्या पुस्तकात सामान्य कुटुंबाला सुमारे एक लिटर दुधास तीन अंडी पुरेशी होत, असे प्रमाण दिले.

३. मसाले, गोडी आणि श्रम

या कृतींतील भोपळा परसातला असला तरी चव दूरदेशीची होती. जायफळ व जायपत्री ही एकाच फळाची अंगे असून त्यांचे मूळ स्थान इंडोनेशियातील बांदा बेटे हे होय. ज्या १६२१ साली प्लिमथला सुगीची मेजवानी झाली, त्याच साली डच ईस्ट इंडिया कंपनीने यान पीटरस्झून कून याच्या नेतृत्वाखाली बांदा बेटे जिंकली. तेथील बहुसंख्य रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. त्यानंतर जायफळाच्या बागा गुलामांच्या श्रमावर चालविण्यात आल्या. काकवी व साखर कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांतून येत असे आणि तेथेही आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना राबविले जात होते.

या वस्तुस्थितीची जाणीव त्या काळातही काहींना होती. बेंजामिन रश यांनी १७९१ मध्ये मेपल वृक्षाच्या रसापासून होणाऱ्या साखरेचा पुरस्कार केला, त्यामागे गुलामांच्या श्रमावरील उसाच्या साखरेला पर्याय मिळावा हा हेतू होता. एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीविरोधकांच्या एका गटाने अशा मालावर बहिष्कार घातला. म्हणजे पायमध्ये कोणती गोडी घालावी हा प्रश्न काही घरांत नैतिक प्रश्नही झाला होता.

४. पदार्थाला मिळालेला राष्ट्रीय अर्थ

सेरा जोसेफा हेल यांच्या ‘नॉर्थवुड’ (१८२७) या कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या पंगतीत पम्पकिन पायला मानाचे स्थान आहे. हा सण राष्ट्रीय व्हावा म्हणून त्यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले. दक्षिणेत त्याकडे उत्तरेकडील लोकांचा सण म्हणून पाहिले जाई. व्हर्जिनियाचे गव्हर्नर हेन्री वाइज यांनी १८५६ मध्ये असा दिवस जाहीर करण्यास नकार दिला. अखेर यादवी युद्ध चालू असताना, १८६३ मध्ये अब्राहम लिंकन यांनी राष्ट्रीय थँक्सगिव्हिंग जाहीर केले.

दक्षिणेत रताळ्याचा पाय अधिक रूढ राहिला. गुलामगिरीत जन्मलेल्या अॅबी फिशर यांच्या १८८१ मधील पाकग्रंथात त्याची कृती आढळते.

५. कृतीमागील पाकशास्त्र

भोपळ्याच्या गरात सुमारे ९० टक्के पाणी असते. त्यामुळे गर वाफवण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजून किंवा मंद आचेवर आटवून घेतल्यास सारण घट्ट होते. प्रचलित अमेरिकी कृतीत सुमारे २३ सें.मी. व्यासाच्या पायसाठी ४२५ ग्रॅम गर, ३५० मि.लि. आटीव दूध, १५० ग्रॅम साखर, दोन अंडी, एक चहाचा चमचा दालचिनी, अर्धा चमचा सुंठ व पाव चमचा लवंग असे प्रमाण असते.

पारीसाठी थंड लोणी मैद्यात चुरून अगदी थोड्या गार पाण्याने पीठ गोळा करतात. ते फार मळल्यास ग्लूटेन वाढून पारी चिवट होते. ओव्हनमध्ये लोणी वितळते, पाण्याची वाफ होते व पापुद्रे सुटतात. चिरोट्याला साटा लावून जे साधले जाते, तेच येथे निराळ्या रीतीने साधते.

प्रथम २२० अंश सेल्सिअसवर १५ मिनिटे भाजल्याने पारी धरते. नंतर १७५ अंशांवर ४० ते ५० मिनिटे सारण हळूहळू घट्ट होऊ द्यावे लागते. अंड्यातील प्रथिने साधारण ८० अंशांच्या आसपास जाळे धरतात. त्यापुढे ताप गेल्यास जाळे आकसते, पाणी सुटते व पृष्ठभागाला भेगा पडतात. म्हणून कडा घट्ट झाल्या, पण मध्यभाग विरजलेल्या दह्यासारखा किंचित हलतो आहे, अशा वेळी पाय बाहेर काढावा. उरलेले काम आतली उष्णता करते.

विसाव्या शतकात डबाबंद गरामुळे हे श्रम कमी झाले. तयार ‘पम्पकिन पाय मसाला’ मॅकॉर्मिक कंपनीने १९३४ मध्ये बाजारात आणला. स्टारबक्सच्या २००३ मधील याच चवीच्या कॉफीत तर २०१५ पर्यंत भोपळाच नव्हता. चव भाजीपासून सुटी होऊन विक्रीची वस्तू बनली.

६. महाराष्ट्रातील समांतर उदाहरण

लाल भोपळा भारतातही सोळाव्या शतकापूर्वी नव्हता. तो युरोपीय सागरी व्यापाराच्या काळात अमेरिकेतून आला. आज मात्र तो अनेक मराठी घरांत उपवासालाही चालतो. भोपळ्याच्या घारग्यांत किसलेला भोपळा गुळाबरोबर शिजवून, त्याच्याच ओलाव्यात मावेल तेवढी कणीक मिसळतात आणि जायफळाचा स्वाद देतात. पायमध्ये जे पाणी आटवून टाकावे लागते, तेच घारग्यांत पीठ भिजवण्याच्या कामी येते. दोन्ही पदार्थांत अमेरिकेचा भोपळा व बांदाचे जायफळ आहे. अमेरिकेत डबाबंद गरासाठी मुख्यतः वापरला जाणारा ‘मोस्काटा’ जातीचा भोपळा आपल्या मंडईतही मिळतो. त्यामुळे येथे हा पाय करू इच्छिणाऱ्याला आयात डब्याची गरज नाही. नीट आटवलेला गर व आटवलेले दूध पुरेसे आहे.

समारोप

पम्पकिन पाय अमेरिकी आहे आणि घारगे मराठी आहेत, यात शंका नाही. परंतु हे आपलेपण घटकांच्या मूळ स्थानावरून ठरत नाही. उपलब्ध पिकाचे पाणी, गोडी व स्वाद यांना सांभाळण्याचे जे कौशल्य घरातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासले, त्यातून ते घडते. म्हणूनच ‘पारंपरिक’ या शब्दाचा अर्थ ‘शुद्ध’ असा घेणे अभ्यासाच्या दृष्टीने योग्य ठरत नाही. तसा अर्थ घेतल्यास भोपळा लावणारे आदिवासी, बांदातील बागांत व उसाच्या मळ्यांत राबलेले गुलाम आणि घरातील स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया हे सर्व पदार्थाच्या इतिहासातून वगळले जातात. त्यांची नोंद घेतल्याखेरीज पाककलेचा इतिहास पूर्ण होत नाही.