भाव कुठून आणला?

सारसोळ्यात घराचा भाव विचारा, समोरचा आधी विचारतो, ‘सिडकोचं, साडेबाराचं, की गावठाणातलं?’ नेरुळमधल्या या आगरी-कोळी गावाभोवती तिन्ही प्रकार चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची. साडेबारा टक्क्यांचे भूखंड म्हणजे १९८४च्या जासई आंदोलनानंतर, नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांनी लढून मिळवलेला परतावा. गावठाणालगत ‘गरजेपोटी’ परवानगीशिवाय बांधलेली घरं, त्यांना बँक सहजी कर्ज देत नाही. तिन्हींची एकच सरासरी काढून ‘नेरुळचे दर’ म्हणून छापणं जाहिरातीला चालतं. संशोधन-पत्रिकेचा संपादक तिथेच पेन थांबवतो.

आपल्याकडे अशी छाननी दीर्घकाळ करणारी पत्रिका मुंबईचीच, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’. सचिन चौधरींनी १९४९मध्ये ‘इकॉनॉमिक वीकली’ काढलं, १९६६मध्ये त्याचा हा नवा अवतार आला आणि कृष्णराज यांनी ते १९६९पासून २००४पर्यंत सांभाळलं. घर, जमीन, झोपडपट्टी यांवरचं लेखन तिथे सतत येत राहिलं.

नमुना म्हणून शिरीष पटेलांचा एफएसआयवरचा (चटई क्षेत्र निर्देशांकावरचा) तिथलाच २०१३चा लेख घ्या. पटेल स्थापत्य अभियंते, चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहतांबरोबर नवी मुंबईची कल्पना मांडणारे. ती १९६५मध्ये ‘मार्ग’ त्रैमासिकाने छापली, तेव्हा संपादक होते मुल्कराज आनंद. पटेलांचं म्हणणं असं, की भूखंडावर किती बांधकाम झालं एवढ्याने गर्दी कळत नाही. माणशी घरातली जागा किती आणि माणशी रस्ता-मैदान किती, तेही मोजा. सगळ्यांच्या तोंडी असलेलं माप अपुरं आहे हे आकड्यांनिशी दाखवणं, यालाच संपादक किंमत देतात. माझ्या मते निष्कर्ष चमकदार असण्यापेक्षा हे मोलाचं.

परदेशी पत्रिकांत गणित जास्त. शर्विन रोझेन यांच्या १९७४च्या मांडणीनुसार घराच्या किमतीची खोल्या, स्थान, सोयी अशी फोड केली जाते. तिथेही पहिला प्रश्न तोच: भाव कुठून आणला? आपल्याकडे रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर, व्यवहाराचा नव्हे. दस्तनोंदणीच्या सूची दोनमध्ये नोंदलेली रक्कम अधिक जवळची, पण रोखीतला हिस्सा तिच्यात दिसत नाही.

सारसोळ्यावर कुणी लिहिणार असेल तर त्याने किमतीच्या आधी जमिनीच्या हक्काचा रकाना भरावा.