पोटखराब्यातला ज्वालामुखी

दिवाळीच्या आधी मलंगगडाच्या पायथ्याशी गेलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात कापून आडवं पडलेलं दिसतं. माझं घर डोंबिवलीत, पण आजोळ याच पट्ट्यातलं. खळ्यावर भारे रचणाऱ्या काकांना मी जमिनीबद्दल विचारलं, तर त्यांनी घरातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला सातबारा आणला आणि ‘पोटखराब क्षेत्र’ या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘ही बघ आमची खडकाची इस्टेट.’’

पोटखराबा म्हणजे नावावर आहे, पण नांगर चालत नाही अशी जमीन. ‘अ’ वर्गात खडकाळ, नाल्याखालची, खाणीची जागा येते, तर ‘ब’ वर्गात रस्ता, पाणवठा, स्मशान अशा कामांसाठी राखलेली. काकांचा पोटखराबा ‘अ’ वर्गाचा, सगळा काळा कातळ. कल्याण-अंबरनाथच्या गावांना आपण ज्वालामुखीच्या कुशीत राहतो असं कधी वाटत नाही, पण हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हाच आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी उकलली आणि त्यांतून लाव्हा पसरत गेला. तोंडातून धूर सोडणारा शंकूसारखा डोंगर इथे शोधायला जाऊ नये. एक थर निवला की काही काळाने त्यावर दुसरा येई. मधल्या काळात उघड्या पडलेल्या थराची लाल माती होई. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे दिसणारा विटकरी पट्टा तोच. आज हा दख्खनचा बेसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे आणि महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून जास्त भाग त्याने व्यापला आहे. अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६०चं, याच दगडातलं. आमच्या आज्यांची जाती आणि पाटे-वरवंटेही याच काळ्या दगडाचे.

प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, वरचा भाग बुडबुड्यांनी पोकळ झालेला. पोकळ भाग लवकर झिजतो आणि घट्ट भाग कडा होऊन उभा राहतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे: कडा, माची, पुन्हा कडा. भूशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, ते स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरूनच.

गावातली मालकीसुद्धा या पायऱ्यांवरच बसलेली आहे. तळाशी वरून वाहून आलेली खोल माती, तिथली खाचरं गरव्या भाताची, ज्याला ओल जास्त दिवस लागते. वर माती पातळ, पाणी लवकर ओसरतं, म्हणून तिथे लवकर तयार होणारं हळवं. त्याच्याही वर उतार बांधून काढलेल्या मजग्या आणि शेवटी वरकस, जिथे नाचणी, वरी आणि गवत. कोणाकडे खालची खाचरं आणि कोणाकडे नुसता वरकस यावरून पिढ्यान्‌पिढ्या घराची ऐपत ठरत आली. कूळकायदा १९४८चा, कृषक दिन १ एप्रिल १९५७चा. कसणाऱ्याला जमीन मिळाली, पण कुठल्या पायरीवरची मिळाली हा प्रश्न त्या लाव्ह्यानेच आधी सोडवून ठेवला होता.

वरकसाला हलकं समजू नये. खाचराचा प्राण वरकसात असतो, कारण राबाचा पाला तिथून येतो. उन्हाळ्यात झाडांचे टहाळ, वाळलं गवत, शेण रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळायचं, म्हणजे तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते आणि आवणीला रोप जोमाचं मिळतं. ब्रिटिशांनी जंगलं राखीव केली तेव्हा या टहाळावरूनच ठाणे जिल्ह्यात मोठा असंतोष माजला आणि १८८०च्या दशकात मुंबई सरकारला ठाणे-कुलाब्याच्या वनहक्कांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. कागदावर जंगल सरकारचं झालं होतं, पण पाला तोडल्याशिवाय भात होत नव्हतं.

पाण्याचंही तसंच. इथे पाऊस धो धो पडतो, पण घट्ट बेसाल्टात पाणी मुरत नाही. ते साठतं झिजलेल्या, भेगाळलेल्या, पोकळ थरांत, आणि ते थर पातळ. म्हणून शेजारच्या शहापूर-मुरबाडमध्ये वैशाखात विहिरी तळ गाठतात आणि टँकर फिरतात. शहापुरातच भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं आहेत, हे मनाला फार लागतं.

भिवंडी तालुक्यात अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत, आणि ‘खाली ज्वालामुखी जिवंत आहे’ असं कोणीतरी सांगतंच. तसं नाही. पावसाचं पाणी खोल भेगांत उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. नोव्हेंबर २०१८पासून डहाणूकडे सतत धक्के बसू लागले तेव्हाही हीच भीती पसरली आणि माणसं थंडीत घराबाहेर झोपली. धक्के खरे होते. पण त्याचा अर्थ दख्खनचा लाव्हा जागा होतोय, असा नाही. तो कायमचा निवला आहे.

जिथे लाव्हा अजून जिवंत आहे तिथे जमीनमालकीचं काय होतं? मेक्सिकोत २० फेब्रुवारी १९४३ रोजी दिओनिसिओ पुलिदो नावाच्या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतातच जमीन फाटली आणि पारिकुतिन ज्वालामुखी उभा राहिला. शेत गेलं, दोन गावं गाडली गेली, एका चर्चचा मनोरा लाव्ह्यातून वर उरला. हवाई बेटावर २०१८मध्ये किलावेआच्या लाव्ह्याने सुमारे ७०० घरं गिळली. पण खालची जमीन ज्याची होती त्याचीच राहिली, वर कितीही खडक साचला तरी. मात्र लाव्हा समुद्रात शिरून जी नवी जमीन तयार होते ती राज्याची, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये दिला.

आपल्याकडे हिशेब वेगळा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६चं कलम ४८ म्हणतं की खनिजांचा हक्क सरकारचा. म्हणजे काकांची माती काकांची, पण खालच्या दगडाचं डबर काढून विकायचं तर परवानगी हवी आणि ब्रासमागे स्वामित्वधन भरायला हवं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. शीळफाट्याकडे टेकड्याच्या टेकड्या अशा ब्रासमध्ये मोजून गेल्या. आमच्या इमारतींच्या काँक्रीटमधली खडी तीच. टेकडी गेली की वरकस जातो, पावसाळी ओहोळाची वाट बदलते आणि खालच्या खाचरात दगडाची भुकटी येऊन बसते. याची नोंद मात्र कुठल्याच रकान्यात होत नाही.

सपाट जमिनीचं नशीबही काही बरं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी विमानतळासाठी कल्याणजवळच्या नेवाळी परिसरातली जमीन घेतली. धावपट्टीला लागते तशी सपाटी या डोंगरांमध्ये तिथे होती. युद्ध संपलं, जमीन संरक्षण खात्याकडे राहिली, शेतकरी ती कसत राहिले. २२ जून २०१७ला नौदलाच्या कुंपणावरून आंदोलन पेटलं. रस्ते अडले, गाड्या जळल्या, शेतकरी आणि पोलीस दोघंही जखमी झाले. ऐन पेरणीचे दिवस होते. २०१५मध्ये आसपासची २७ गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली तेव्हापासून तर खाचराचा भाव भातावर ठरतच नाही. बिल्डरला सपाट तळ हवा आणि भातालाही तोच हवा.

काकांना विकायचं नाही. त्यांचा वेगळाच उद्योग चालू आहे. पोटखराब्यातला तीन गुंठ्यांचा तुकडा त्यांनी वीस वर्षं पहारीने फोडला, निघालेल्या दगडांचा बांध घातला आणि ओढ्यातला गाळ डोक्यावर वाहून आणून पसरला. लागवडीखाली आणलेला ‘अ’ वर्गाचा पोटखराबा आता नियमाने लागवडयोग्य म्हणून नोंदवता येतो. अर्ज देऊन झालाय, मोजणी व्हायची आहे. यंदा त्या तुकड्यात त्यांनी हळवं लावलं होतं. खळ्याच्या कडेला त्याचे भारे वेगळे रचून ठेवले होते, बाकीच्यांत मिसळू दिले नव्हते.

‘‘सात झाले,’’ काका म्हणाले, आणि एक भारा उचलून माझ्या हातात दिला, वजन बघायला.