मानेतली कुजबुज, मेंदूत गडबड!

नागरा गावच्या पुरातन शिवमंदिरात नीलकंठाचं दर्शन झालं? आता जरा स्वतःच्या कंठाकडे वळा! कंठमण्याच्या एका बाजूला हलकेच दोन बोटं टेकवा. धकधक लागतेय? हीच कॅरोटिड धमनी, मेंदूची व्हीआयपी सप्लाय लाइन. दोन्ही बाजू एकदम दाबू नका हं, भोवळ येऊ शकते!

माहीत आहे का? मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजन फस्त करतो 20 टक्के!

चरबीचा थर, म्हणजे प्लाक, जास्त करून कुठे साचतो? जिथे ही धमनी दुभंगते, नेमका तिथेच! नागऱ्याच्या धानाच्या बांध्यांकडे जाणारा पाट बघा. फाट्यावर पाणी रेंगाळतं आणि गाळ धरतो. बिडी, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल ही गाळ वाढवणारी गँग. खर्राही सुटला नाही: त्यातलं निकोटीन बीपी चढवतं.

आजकालचा आजार? छे! आल्प्सच्या बर्फात 1991 मध्ये सापडलेला ओट्झी नावाचा माणूस सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा. ना तर्री-पोहे, ना समोसा. तरी मानेतल्या धमनीत कॅल्शियम!

आता खरा ट्विस्ट. प्लाकचा तुकडा सुटून मेंदूत अडकला की स्ट्रोक, हे ऐकलं असेल. पण काही झटके इतके चोरपावलांनी येतात, की पत्ताच लागत नाही! पुढे कधीतरी एमआरआय होतो आणि बारीक डाग दिसतात, मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात बदल दिसतात. अशा माणसाला हिशेब जुळवायला वेळ लागतो, बोलता बोलता धागा सुटतो. घरचे म्हणतात, ‘आजोबांचं वय झालं.’ प्रत्येक विसराळूपणा मानेतून येत नाही. पण मानेतला प्लाक आणि मंदावलेली बुद्धी यांचं नातं संशोधकांना वारंवार दिसलंय.

डावं-उजवं कोडं सोडवा! डाव्या धमनीतून गुठळी सुटली, तर लुळा पडतो उजवा हात. पण अंधारतो तो डावाच डोळा! पडदा पडल्यासारखं होतं, मिनिटांत पुन्हा लख्ख. ‘गेलं बुवा’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि ती कुजबुज? अरुंद धमनीतून रक्त सुसाटतं, तेव्हा स्टेथोस्कोपला ‘सूं सूं’ ऐकू येतं. धमनी पूर्ण बुजली, की आवाजही गुल! म्हणून नुसत्या कानांवर भरवसा नाही. डॉपलर सोनोग्राफी करतात. ना सुई, ना कापाकापी, रक्ताचा वेग थेट स्क्रीनवर!